सिस्टरांच्या मोरीत

सिस्टर गायकवाड खोटं वासावरून ओळखायच्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांचं बोट मोरीकडे गेलेलं असायचं. येरवड्यातल्या त्यांच्या घराला नियम एकच होता: जो खोटं बोलेल, त्यानं त्या दिवशी सगळ्यांची भांडी घासायची.

अठरा पूर्ण झाली की बालगृह मुलाला निरोप देतं. हातात एक दाखला, एक पत्र्याची पेटी, आणि पुढे सगळं पुणं मोकळं. अशा आम्हा अकरा जणांना सिस्टरांनी दवाखान्यातली नोकरी संपल्यावर आपल्या तीन खोल्यांत ठेवून घेतलं होतं. पायावर उभं राहीपर्यंत राहायचं, काहीतरी शिकायचं, आणि आपली पोळी आपण लाटायची. आल्या दिवशी प्रत्येकाला नाव घातलेलं स्टीलचं ताट मिळायचं. त्याआधी माझं नाव फक्त हजेरीपटावर होतं.

मी पक्का थापाड्या. माझे वडील सोमवारी वैमानिक असायचे, बुधवारी वारायचे आणि शुक्रवारी दुबईहून पत्र पाठवायचे. मी घासलेली ताटं एकावर एक रचली असती, तर सिंहगडाला मान वर करून बघावं लागलं असतं. सिस्टर एवढंच म्हणायच्या, "वडिलांना म्हणावं, येताना चांगली घासणी आणा."

मग शहराच्या कडेनं काचेच्या इमारती उगवल्या आणि मला एका कंपनीत अमेरिकेचे फोन घ्यायची नोकरी लागली. अर्जात मी सवयीनं लिहिलं की आईवडील अपघातात गेले, मावशीकडे राहतो. मावशी म्हणून नाव सिस्टरांचं. चौकशीला कंपनीचा माणूस घरी येतो, हे मला कुठं ठाऊक? तो सकाळीच टाय लावून हजर. माहिती चुकीची निघाली तर नोकरी रद्द, हे त्यानं चहाआधीच सांगून टाकलं. मग दाराबाहेरचा चपलांचा ढीग बघून विचारलं, एवढी मुलं कोणाची?

"माझीच," सिस्टर म्हणाल्या.

"आणि हा आपला भाचा?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारातल्या चपला सरळ लावायला वाकलो.

"हो. भाचा."

तो गेला. दुपारची जेवणं झाली आणि सिस्टर पदर खोचून मोरीत बसल्या. बारा ताटं, बारा वाट्या, वर करपलेला कुकर. पासष्टीची बाई, गुडघे असे की बसताना कडकड वाजायचे. मी म्हणालो, सिस्टर, द्या इकडे.

"तू कशाला? खोटं मी बोलले. मुलं माझी म्हणाले ते खरंच होतं. भाचा तेवढा खोटा."

आता इथं मी काही वाढवून सांगत नाही. 'द्या' असं मी एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हणालो नाही. सोमवारी रुजू व्हायचं होतं, म्हणून बाहेर ओट्यावर नव्या बुटांना पॉलिश करत बसलो. आत ताटं वाजत होती. बुटात तोंड दिसेपर्यंत घासले, आणि मग ते तोंड बघवेना.

महिन्याभरात वाघोलीला खोली घेतली. परत गेलो नाही. सिस्टर फोन करून जेवलास का विचारायच्या. मी म्हणायचो, सिंगापूरला आहे, उद्या लंडन. खिडकीखाली भाजीवाला मेथीच्या नावानं ओरडत असायचा. सिस्टर सगळं ऐकून घ्यायच्या.

"बरं. भांडी साठताहेत."

त्या गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. पोचलो तेव्हा बुद्धवंदना आटोपून पंगत उठत होती. फळीवर, बाकीच्यांच्या रांगेत, माझं ताट होतं. इतक्या वर्षांत कोणाला दिलेलं नव्हतं. घरात नव्यानं आलेला एक मुलगा पाणी घेऊन आला. त्यानं अदबीनं विचारलं, "आपण सिस्टरांचे कोण?"

सांगता आलं असतं की मीही इथलाच.

"भाचा," मी म्हणालो.

आणि बाह्या सारून मोरीत जाऊन बसलो.