गोदामातला चाळीसचा बल्ब

विजेचं जुनं काळं बटण 'टक्' वाजलं, की सदर नावाच्या वस्तीतल्या एका सरकारी कचेरीचं गोदाम अजूनही माझ्यासमोर उभं राहतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी जवळच्याच ठाण्यात फौजदार होतो. प्रकरणात ना खून होता, ना दरोडा. एका माणसाची नोकरी राहणार की जाणार, एवढंच माझ्या अहवालावर ठरायचं होतं.

खबर आणली ती पन्नाशीच्या एका विणकराने. त्या कचेरीतल्या वेताच्या खुर्च्या आधी त्याचे वडील विणत, मग तो विणू लागला. पुढे अपंगांसाठी काही जागा राखून ठेवण्याचा नियम आला आणि हे काम एका अंध तरुणाला मिळालं. अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात तो वेतकाम शिकून आला होता. विणकराचं नेहमीचं काम गेलं.

"साहेब, त्यानं सरकारले फसवलं," विणकर म्हणाला. "तो आंधळा नाही."

"त्याच्याकडे डॉक्टरांचा दाखला आहे."

"दाखला राहू द्या जी. सकाळी आल्याबरोबर गोदामातली लाइट लावते तो. जुने पैसे मांगाले गेलो, त्याच्यासंग बोललो बी, तवा मी सोता पाह्यलं. आता तुमीच सांगा, आंधळ्याले लाइट काहून लागते?"

स्टेशन डायरीत नोंद करून मी कचेरीच्या चौकीदाराचा आणि शिपायाचा जबाब घेतला. दोघांना वेगवेगळं बसवलं होतं. दोघांनीही तेच सांगितलं: रोज येतो, बटण दाबतो, मग कामाला बसतो.

कचेरीचे साहेब वैतागलेले होते. तरुणाची नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. "तुम्ही गुन्हा नोंदवा, मी त्याच दिवशी त्याला काढतो," ते म्हणाले. "आणि त्या केंद्रातून पुन्हा माणूस घेणार नाही."

तरुणाला ठाण्यात बोलावलं. आमच्या हवालदाराने न बोलता त्याच्या डोळ्यांपुढे झटकन मूठ नेली. पापणी हलली नाही. "मुरलेला दिसतो," हवालदार माझ्या कानाशी पुटपुटला. आमच्या खात्यात एकदा संशय बसला की घाबरणारा दोषी ठरतो आणि न घाबरणारा मुरलेला.

"गोदामातलं बटण तुम्ही दाबता?" मी विचारलं.

"हो जी."

"रोज?"

"रोज."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या दृष्टीने कबुली मिळाली होती.

"कशासाठी?"

"मले नाही लागत जी ते. अंधार दिसला का हजेरी घेणारा बाबू म्हणते, कोणी नाही. मी आतमधी खुर्ची विणून राहिलो, अन् भाईर माझा खाडा. असं दोनदा झालं."

"उत्तर बरं तयार ठेवलं गा," हवालदार हसला.

मलाही ते उत्तर जरा जास्तच चपखल वाटलं. तरुण हलकेच म्हणाला, "माही नोकरी गेली तर मी कामठीले भावाच्या ओसरीत जाऊन बसीन, साहेब. पण केंद्रात अजून पोरं शिकून राहिली. त्यायले कोण घेईन मंग?"

त्याला घरी पाठवलं. शब्दाविरुद्ध शब्द होता. पुरावा हवा असेल तर तो गोदामातच मिळणार होता.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडण्याआधी मी दोन पंच आणि तो विणकर यांना घेऊन तिथे गेलो. साहेबांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं. गोदामाला खिडकी नव्हती आणि बाहेरचा व्हरांडाही अंधारा. चाळीस वॅटचा बल्ब मी काढून खिशात ठेवला. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगामागे आम्ही चौघे दाटीवाटीने उभे राहिलो. स्वतःचा हात दिसत नव्हता.

काठीचा आवाज आला. टक्. बटण दाबलं गेलं. मी वाट पाहत होतो. तो थबकेल, चाचपडेल, बल्ब गेला म्हणून कोणाला तरी हाक मारेल. तो सरळ जाऊन बसला. बादलीतून ओली वेताची पट्टी ओढल्याचा आवाज आला आणि विणकाम सुरू झालं.

एका पंचाचा पाय सरकला आणि खुर्ची करकरली. विणणं थांबलं.

"मांजर पाळा म्हणतो, तर कोणी आयकत नाही," तो स्वतःशीच बोलला आणि पुन्हा कामाला लागला.

थोड्या वेळाने बाबू दारात आला. त्याने आत डोकावून पाहिलं आणि व्हरांड्यातल्या शिपायाला म्हणाला, "अंधार हाये. आज बी दांडी मारली पठ्ठ्यानं. खाडा लागते आता."

आत पाच माणसं होती.

"बाबूजी, मी हाओ ना आत," तरुण घाईने उठला. "लाइट लावली हाये ना जी!"

बाबू निघून गेला होता. तरुण भिंतीशी गेला, त्याने बटण चाचपलं. ते खालीच होतं. त्याने वर केलं, पुन्हा खाली केलं. टक्, टक्. मग तिथेच उभा राहिला.

माझ्या शेजारून विणकराचा आवाज आला. "बस झालं, साहेब. द्या तो बल्ब इकडे."

मी टॉर्च लावला. विणकराने आधी ती अर्धी विणलेली बैठक पाहिली आणि पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग स्टुलावर चढून त्यानेच बल्ब बसवला.

"कोण हाये? काकाजी, तुमी?" तरुणाने आवाज ओळखला. "लागली का लाइट?"

"लागली गा," विणकर म्हणाला. "बस तू."

पंचनामा झाला. गुन्हा घडलेला नाही, असा अहवाल मी दिला. खोटी खबर दिली म्हणून विणकरावर खटला भरा, असं साहेबांचं म्हणणं होतं. मी नकार दिला. त्याने जे पाहिलं होतं तेच सांगितलं होतं. तरुणाची नोकरी पुढे पक्की झाली.

आमच्या कामात 'मी डोळ्यांनी पाहिलं' या वाक्याला मोठं वजन असतं, आणि ते असायलाही हवं. पण त्या तरुणाला काम शिकवलं गेलं, नियमाने जागा मिळाली, डॉक्टरांनी दाखला दिला, आणि तरी त्याची रोजची हजेरी एका बल्बवर अडली होती. दारात उभं राहून एक हाक मारायची, एवढं बाबूला सुचलं नव्हतं.

त्यानंतर सेवेत असेपर्यंत अंधाऱ्या खोलीबद्दल 'आत कोणी नाही' असं मी कधी लिहिलं नाही. आधी हाक मारली, मग उत्तरासाठी थांबलो.