आपलं नाव सांगून आत या

अमरावतीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या आणि एमआरआय पाहिला आणि सुमनला अल्झायमर्स असल्याचं सांगितलं. म्हणजे आठवण आणि भान हळूहळू नेणारा मेंदूचा आजार. सुमन, माझी बायको, तेव्हा बाहेरच्या बाकावर पर्स उघडून बंद करत होती.

डॉक्टर तरुण होते. "सगळे न्यूरॉन्सचंच बोलतात, सर. त्यांच्याभोवती ग्लायल सेल्स असतात." म्हणजे आधारपेशी. न्यूरॉन्सना पोसणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या. वयानुसार त्या थकतात. काही चवताळतात आणि राखण सोडून सूज वाढवतात. कॉलेजातल्या नोकरीत आयुष्यभर मेंदूच्या थोरवीवर भाषणं ऐकली. या पेशींना कुणी शाल-श्रीफळ दिल्याचं स्मरत नाही.

आजार औषधानं मागे फिरणार नव्हता. "त्यांचं बोलणं टिकवा," डॉक्टर म्हणाले.

अकोल्याला, जठारपेठेत, परतलो. आजाऱ्याला भेटायला जाणं आमच्याकडे कुणी चुकवत नाही. जो येई तो तिच्यासमोर खुर्ची ओढून तोंडी परीक्षा घेई. "वैनी, ओळखलं काय मले? सांगा बरं, मी कोन?" ती बिचकून माझ्याकडे पाही. उत्तर चुकलं की पाहुणे चुकचुकत.

हळूहळू तिनं बोलणंच सोडलं. बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची.

मग मी दारातच सांगू लागलो, आत जाताना आपलं नाव आणि नातं सांगा, विचारू काही नका. एक निवृत्त प्राचार्य दुखावले. "मी मायं नाव सांगू? सारं अकोला ओळखते मले."

"सुमन सोडून," मी म्हणालो.

ते पुन्हा आले नाहीत. बाकीचेही पांगले. दुपारी घरात पंख्याचा आवाज तेवढा उरला.

येत राहिली ती तिची बहीण, तेल्हाऱ्याहून. "मी कमल, तुही लहान बहीन," म्हणून बसायची आणि तुरीच्या शेंगा सोलायला घ्यायची. पुढं काही विचारायची नाही. असंच एकदा सुमननं सुपातली शेंग उचलून पाहिली. "किडक्या आनल्या तू, कमल."

कमल पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

तुमच्या घरी हा आजार आला, तर हा नियम आधीच लावा, आणि स्वतःला त्यातून वगळू नका. काल भाजी घेऊन आलो. चपला काढताना म्हणालो, "मी वसंत, तुझा नवरा."

तिनं मला नीट न्याहाळलं. "बसा," ती म्हणाली. "हे येतीलच इतक्यात."

मी बसलो. त्यांची वाट पाहत आम्ही बराच वेळ बोललो.