शाबानची पेटी

शुक्रवारी सकाळी सहा वाजता यांबूच्या बसस्टँडवर मी एका मेलेल्या माणसाची पेटी घेऊन उभा होतो. टीव्हीच्या रिकाम्या खोक्यात गच्च सामान भरलेलं, वरून निळ्या दोरीनं आडवं-उभं आवळलेलं. ड्रायव्हर पठाण होता. त्यानं पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "भाई, घर बदल रहा है क्या?" मी म्हटलं, माझी नाही, दोस्ताची आहे. "दोस्त किधर है?" आता याला काय सांगणार! मी एक टोक धरलं, त्यानं दुसरं धरलं, आणि पेटी बसच्या पोटात ढकलली.

जायचं होतं दुब्याला. दुबई नव्हे, दुबा. तांबड्या समुद्राच्या काठाकाठानं उत्तरेला सात-आठ तास गेलं की हे बंदर येतं, आणि तिथून बोट सुटते ती पलीकडे इजिप्तला. मला मात्र बंदरापर्यंतच जाता येणार होतं. पासपोर्ट कफीलच्या (ज्याच्या नावावर आपला व्हिसा असतो त्या मालकाच्या) कपाटात आणि माझ्या खिशात नुसता इकामा (परदेशी कामगाराचं ओळखपत्र), शिवाय दुब्यापर्यंत जायला परवानगी असल्याचं कंपनीचं पत्र. हे दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं सांगतोय, तेव्हा असंच होतं.

आता शाबान कोण, ते सांगतो. रिफायनरीच्या कॅम्पमध्ये तीन वर्षं तो आणि मी एका खोलीत राहिलो. तो इजिप्तचा, लक्सर शहराच्या पलीकडच्या काठावरचा. डोंगराखाली त्याचं गाव, आणि त्या डोंगरात जुन्या राजांची थडगी. इथे तो परांची बांधायचा. मी पेंटर. लांज्याला दुकानांच्या पाट्या रंगवायचो, इथे पाइपांवर नंबर आणि बाण रंगवायचो. सुट्टीवर निघालेल्या प्रत्येकाच्या पेटीवर नाव-गाव घालायचं कामही कॅम्पनं माझ्याच गळ्यात घातलेलं. शाबान मला "या फन्नान" (अरे कलाकारा) म्हणायचा.

आणि मला लहानपणापासून इजिप्तचं वेड! लांज्याच्या वाचनालयात ममींवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते मी इतक्यांदा घरी नेलं, की शेवटी ग्रंथपाल म्हणाले, "राहू दे बाबा तुझ्याकडेच, मागायला कुणी आला तर तुझ्या घरी पाठवतो." जेद्द्याला शराफिया बाजारात तर मला एका रद्दीवाल्याकडे त्या चित्रलिपीचा तक्ता असलेलं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्या दिवशी मी जेवलोसुद्धा नाही, उभ्याउभ्या तेच चाळत राहिलो. आणि असल्या माणसाच्या शेजारच्या खाटेवर देवानं खुद्द लक्सरचा माणूस आणून टाकला. मग काय, मी त्याचा जीव खाल्ला. थडग्यात आत गेलायस का? भिंतीवरचे रंग अजून ओले वाटतात म्हणे, खरं का? ममी बघितलीस?

वेड एकट्या माझं नव्हतं. मेसच्या टीव्हीवर ममींचा कार्यक्रम लागला की केरळी, फिलिपिनो, नेपाळी, सगळे ताटं हातात धरून गप्प बसायचे. कुणीतरी हमखास ओरडायचं, "फरो, हा तुझा आजोबा का रे?" शाबानला कॅम्पभर फरोच (इजिप्तचा जुना राजा) म्हणायचे. तो उठायचा, ताट धुवायचा आणि खोलीवर जायचा. एकदा मला म्हणाला, "या फन्नान, तुम्हा सगळ्या जगाला आमच्याकडच्या मेलेल्यांचंच पडलंय." मी हसलो. हसण्यासारखं त्यात काय होतं, कुणास ठाऊक.

या प्रवासाच्या दोन महिने आधी दुपारच्या सुट्टीत तो भिंतीला टेकून बसला तो उठलाच नाही. दफन इथेच झालं. मी मुसलमान नाही, म्हणून कब्रस्तानच्या फाटकाबाहेर पिकअपजवळ उभा राहिलो. उघड्या फाटकातून आत दिसत होतं. मातीचे उंचवटे, डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. नाव कुठेच नाही. इथे नाव घालायची रीतच नाही. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं की त्या जुन्या राजांना सगळ्यात मोठी भीती नाव पुसलं जाण्याची वाटायची. तो वेडेपणा मला तिथे फाटकाबाहेर आठवला आणि मी ढसाढसा रडलो.

कंपनीनं त्याची कागदपत्रं घरी पाठवली. पेटी खाटेखालीच राहिली. स्टोअरचा कारकून म्हणाला, शनिवारी नवा माणूस येतोय, तोवर न्या, नाहीतर फेकून देतो. कॅम्पबाहेर एक म्हातारा मिस्री, म्हणजे इजिप्तचाच माणूस, फूल (मऊ शिजवलेल्या मोठ्या वालासारख्या दाण्यांची उसळ) विकायचा. त्याच्याकडे मी रोज नाश्ता करायचो. तो म्हणाला, "माझा भाचा हम्दी तबूकला असतो. शुक्रवारी दुब्याहून गाडी बोटीवर चढवणार आहे. लक्सरवरूनच जाईल. पेटी त्याच्या हातात दे." मी शाबानच्या इकाम्याच्या झेरॉक्सवरून त्याचं पूर्ण नाव आणि गाव पेटीवर ठसठशीत अरबीत रंगवलं आणि निघालो. खरं सांगायचं तर थोडा स्वार्थही होता. बंदरावरून इजिप्तचा किनारा पुसटसा तरी दिसेल, असं मनात होतं.

उमलुजपर्यंत बस अर्धी रिकामी. डावीकडे समुद्र, उजवीकडे उघडे तपकिरी डोंगर, मध्ये आपला रस्ता. मैलोन् मैल माणूस नाही. आमच्याकडे कोकणात समुद्र दिसला की माड दिसतो, होडी दिसते, जाळं वाळत घातलेलं दिसतं. इथे समुद्र नुसताच निळाशार पडून. शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. चेकपोस्टवर पोलिसानं पत्र उलटसुलट करून बघितलं आणि "हिंदी?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. बस सुटल्यापासूनचं माझं संभाषण हे एवढंच.

बसल्याबसल्या पेटीचाच विचार येत होता. ते राजे मेल्यावर पलीकडच्या आयुष्यासाठी सगळं बरोबर न्यायचे. पलंग, चपला, भाकरी, अगदी खेळायचा पटसुद्धा. शाबान तर नुसत्या पांढऱ्या कापडात गेला. त्याच्या खाटेखाली तीन वर्षं दोन कोरी ब्लँकेटं बांधून पडली होती आणि हा बाबा एसीच्या गारठ्यात विटक्या चादरीत कुडकुडत झोपायचा. मी म्हणायचो, "अरे काढ की एक!" तर म्हणायचा, "ते घरच्यांसाठी आहे." माझ्याही खाटेखाली पेटी होती. तिच्यातही ब्लँकेट होतं, आणि मीही चादरच पांघरायचो.

उमलुजला एक माणूस थर्मोकोलचे तीन खोके घेऊन चढला. मासे. ते गेले बसच्या पोटात, नेमके माझ्या पेटीला खेटून. मी ड्रायव्हरला म्हटलं, तर तो म्हणाला, "बर्फ है, पैक है, कुछ नहीं होता."

अल-वज्हला पोचलो तो ऐन जुम्म्याच्या नमाजाच्या वेळेला. हॉटेलात शिरून मासा-भात सांगितला, वेटरनं ताट आणलं, आणि ते टेबलावर टेकायच्या आत दिवे गेले, शटर खाली! वेटर केरळचा होता. मला मागच्या दारानं बाहेर काढत म्हणाला, "चाचा, एक घंटा. बाद में गरम करके देगा." मी भर उन्हात पायरीवर बसून राहिलो. भूक अशी लागलेली आणि आत ताट गार होतंय. तासाभरानं त्यानं खरोखरच ते गरम करून आणून दिलं, वर एक लिंबू जास्त ठेवलं. "अकेला आया?" म्हणाला. हो म्हटल्यावर माझ्यासमोर बसला आणि मी जेवेपर्यंत उठला नाही. मला फार बरं वाटलं.

दुब्याला पोचायला तीन वाजले. बंदराच्या फाटकासमोर ही रांग! सगळे मिस्री घरी निघालेले. गाड्यांच्या टपावर गाद्या, पंखे, गुंडाळलेले गालिचे, वॉशिंग मशीन, सायकली. माझ्या आख्ख्या पुस्तकात इतके इजिप्शियन नव्हते. त्यातून हम्दीला शोधता शोधता नाकी नऊ आले. जाड मिशीचा, घामाघूम माणूस. पिकअपवर हत्तीएवढा ढीग, आणि फाटक बंद व्हायला अर्धा तास राहिलेला.

त्यानं पेटीवरचं नाव वाचलं. "अल्ला त्याच्यावर दया करो," म्हणाला. "द्यायची कुणाला?"

"त्याच्या बायकोला."

"त्या डोंगराखाली या नावाचे दहा जण निघतील. बायकोचं नाव मी विचारत नाही, ते आमच्यात सांगत नाहीत. कुणाची आई, ते सांग. उम्म अमुक, उम्म तमुक. मुलाचं नाव काय? मुलगी असेल तर मुलीचं?"

मी पेटीवरचं नाव पुन्हा वाचलं.

"भावाचं नाव? बापाचं घर कुठल्या अंगाला?"

तोंडात मारल्यासारखं झालं. त्याच्या गावच्या डोंगरात पुरलेल्या राजांची नावं मला ओळीनं पाठ होती, कोण कुणाचा मुलगा हेसुद्धा. तीन वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो, त्याला मूल आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

"फोन कर कुणाला तरी," हम्दी म्हणाला. कुणाला करणार? शुक्रवार, ऑफिस बंद. त्याच्या मामानं तर शाबानला फक्त गिऱ्हाईक म्हणून ओळखलेलं. हम्दीनं घड्याळ बघितलं. "हे बघ, मेलेल्या माणसाच्या नावावर पेटी पोचत नसते. जिवंत कुणाचं तरी नाव सांग, नाहीतर खलास, परत घेऊन जा."

परत नेऊन काय करू? उद्या कारकून फेकणार. "निदान गाडीत ठेव तरी," असं म्हणत मी रागारागानं पेटी उचलली, आणि तिचं बूड फाटलं! माशांच्या बर्फाचं पाणी मुरून पुठ्ठ्याचा लगदा झाला होता. सगळं सामान रस्त्यावर. ब्लँकेटं, दुधाच्या पावडरचे डबे, अत्तराच्या बाटल्या. आणि लाल बुटांचे तीन जोड. एकाच जातीचे, लहान, त्याहून मोठा, त्याहून मोठा. तीन वर्षं घरी गेला नव्हता, दर ईदला अंदाजानं एकेक माप वाढवत घेतले असणार. मी ते बूट हातात धरून रस्त्यावर बसलो. मुलगी होती तर.

"यल्ला, यल्ला!" फाटकावरचा शिपाई ओरडत होता. हम्दी भराभर सामान एका चादरीत कोंबू लागला आणि ब्लँकेटच्या घडीतून प्लायवूडची एक फळी घसरली. ती मीच रंगवलेली. पाण्याच्या लाइनचा निळा, त्यावर गॅसच्या लाइनचा पिवळा. वर्षापूर्वी शाबान म्हणाला होता, "तुझ्या त्या पक्ष्यांच्या लिपीत एक नाव काढून दे." मी खूश! त्यानं एकेक अक्षर सांगितलं, मी तक्त्यात बोट ठेवून एकेक चित्र काढलं. तो मध्ये काहीतरी सांगत होता, कुणासाठी, कशासाठी. माझं लक्ष नव्हतं. चारच चित्रं आली, सिंह नाही, साप नाही, म्हणून मी नाराज होतो एवढंच मला आठवत होतं.

"हे काय?" हम्दीनं विचारलं.

"थांब." मी फळी उन्हाकडे धरली. घुबड. तोंड. बोरूची दोन पानं. घुबड. म. र. य. म.

"मरियम," मी म्हणालो. मग मोठ्यानं म्हणालो, "मरियम! मुलगी मरियम आहे त्याची!"

हम्दी फळीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. "तुला हे वाचता येतं?" मी मान हलवली. एवढंच येत होतं मला. खिशातला मार्कर काढून चादरीच्या गाठोड्यावर मी अरबीत मोठ्ठं लिहिलं, "उम्म मरियम," आणि खाली गावाचं नाव. हम्दीनं गाठोडं ढिगाच्या टोकावर बांधलं, फळी मात्र पुढे काचेजवळ ठेवली. मला कडकडून मिठी मारली आणि गाडी फाटकातून आत घातली. पाचच मिनिटांत फाटक बंद झालं. माझा जीव भांड्यात पडला.

बोट सुटेपर्यंत मी कुंपणाशी उभा होतो. इजिप्त काही दिसलं नाही. पुसटसंसुद्धा नाही, नुसतं पाणी. पण मला त्याचं काही वाटेना. माझ्या डोळ्यांपुढे ते लाल बूट होते. पहिले दोन जोड आता तिला होणार नाहीत. तिसरा होईल का, हाच घोर लागला होता.

शनिवारी सकाळी कॅम्पवर आलो. शाबानच्या खाटेवर नेपाळचा नवा माणूस बसला होता. मी आधी माझी पेटी ओढून दोरी कापली आणि ब्लँकेट काढून स्वतःच्या खाटेवर टाकलं. मग त्याचं नाव विचारलं, घरी कोण कोण आहे विचारलं. तो बिचारा घाबरला, त्याला वाटलं मी ऑफिसचा माणूस आहे.

तीन आठवड्यांनी फूलवाल्या म्हाताऱ्यानं मला लांबूनच हात केला. हम्दीचा फोन आला होता. पेटी पोचली होती. बूट तिसऱ्या मापाचे बरोब्बर बसले होते. फळी त्यांनी दारावर ठोकली होती, आणि थडगी बघायला जाणारे गोरे लोक आता त्या दारासमोर थांबून फोटो काढत होते.

"मुलगी विचारत होती," म्हातारा वाटीत फूल घालता घालता म्हणाला, "की हे पक्षी कुणी काढले, त्याचं नाव काय? हम्दीला माहीत नव्हतं. त्यानं मला विचारलं." तो जरा ओशाळला. "मी म्हटलं, हिंदी आहे एक. रोज येतो. नाव काही मला सांगता येईना."

"प्रभाकर," मी म्हणालो.

"ब्रबाकर," त्यानं म्हणून बघितलं. मग आणखी एकदा, हळू. "ब्रबाकर."

"हो, तेच," मी म्हणालो. वाटी हातात घेतली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला विचारलं, "आणि चाचा, तुमचं?"