पाटकऱ्याचा सीन

आप्पांना पाटकरीपणावरून काढलं त्या वर्षी मी नववीत होतो. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा माणूस. नामपूरच्या बाजूला मोसम नदीवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याच्या पाण्यावर गावाची जमीन भिजते. त्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात दहा जणांची शेतं असली तरी पीक एकच. कुठल्या फडात काय पेरायचं ते गावचे पंच ठरवतात आणि पाणी पाळीने फिरतं. पाळी सांभाळायची ती पाटकऱ्याने. आमची स्वतःची गुंठाभर जमीन नव्हती. गावाची पाळी आप्पांच्या फावड्यावर होती, आणि सुगीला प्रत्येक खळ्यावरून त्यांना धान्य मिळायचं. त्यावर आम्ही जगत होतो.

एका मोठ्या माणसाला पाळीआधी पाणी हवं होतं. आप्पा नाही म्हणाले. पुढच्या बैठकीत पंचांनी दुसरा पाटकरी नेमला. त्यानंतर आई आणि आप्पा नामपूरच्या बाजारात कांदे निवडायला जाऊ लागले. आईच्या बोटांना कांद्याचा वास इतका मुरला होता की ती भाकरी वाढायची तेव्हाही तो यायचा. शाळा सुटली की मीही निवडायला बसायचो. पुढे नाशिकला कॉलेजात गेलो. सुट्टीत सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये पार्ट पुसायचं काम केलं आणि बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत असे, आजही सांगतो.

सिनेमात आलो तो अक्षरामुळे. रविवार कारंज्याजवळ एका लॉजच्या वरच्या मजल्यावर प्रधानसाहेब नावाच्या दिग्दर्शकांनी ऑफिस उघडलं होतं. त्यांना एका गाजलेल्या जुन्या कादंबरीवर सिनेमा काढायचा होता. ती आम्हाला बी.ए.ला होती. फडावर शेत असलेली एक विधवा, राधाबाई, आणि तिची जमीन गिळायला बसलेला गावचा देशमुख, अशी ती गोष्ट. काळ इंग्रजांचा. असा जुन्या काळातला सिनेमा म्हणजे पिरियड फिल्म. त्यात विजेचा खांब, प्लॅस्टिकची बादली किंवा टेरिलीनचा सदरा दिसला की काम फुकट. साहेबांना स्क्रिप्टच्या प्रती काढायला सुवाच्य अक्षराचा ग्रॅज्युएट हवा होता. मी तिथे चिकटलो.

प्रती काढता काढता मी ब्रेकडाउन करायला लागलो. ब्रेकडाउन म्हणजे कादंबरीचे सीन पाडायचे, एका सीनला एक कार्ड. कुठे घडतं, कोण आहे, काय सामान लागतं, ते कार्डावर लिहायचं. चार महिन्यांत मी सगळी कादंबरी कार्डांवर उतरवली. साहेबांनी गठ्ठा हातात घेऊन वजन केल्यासारखा हलवला आणि म्हणाले, "अहिरे, टायटलमध्ये तुमचं नाव काय म्हणून द्यायचं ते शूटिंग संपल्यावर बघू." मी मनातल्या मनात ते नाव देऊनही टाकलं होतं. पटकथा. खाली मी.

पंधरा दिवसांनी पुण्याहून विनय आला.

माझ्याच वयाचा. सिनेमाचं शिक्षण घेतलेला. खादीचा झब्बा, गळ्यात स्टॉपवॉच. तो पटकथा लिहिणार आणि मी त्याला मदत करणार, असं साहेबांनी चहा पिता पिता सांगून टाकलं. त्याला चहा कपबशीत आला, मला ग्लासात. चहावाल्याला कोणी शिकवलं नव्हतं, त्याला आपोआप कळलं. मी ते अजून विसरलो नाही.

विनय वाईट असता तर बरं झालं असतं. कादंबरीत राधाबाई नवऱ्याची वाट बघते ती तीन प्रकरणं. मी त्यांची अकरा कार्डं केली होती. त्याने ती टेबलावर पसरली, लाल पेन्सिलीने सगळ्यांवर काट मारली आणि एका कोऱ्या कार्डावर लिहिलं, 'दिव्याचा कोनाडा. भिंतीवर काजळी. पुढच्या शॉटमध्ये काजळी वरपर्यंत.' झालं. तीन प्रकरणं अर्ध्या मिनिटात. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मी अकरा कार्डं गोळा केली आणि रबर लावून ठेवली. मला ते सुचलं नव्हतं आणि आणखी चार महिने बसलो असतो तरी सुचलं नसतं. हे कळत होतं म्हणून जास्त जळत होतं.

तेव्हापासून मी त्याच्या चुका शोधायला लागलो. प्रत्येक पान दोनदा वाचायचो. एकदा मिळाली.

कादंबरीत राधाबाईचं पीक जळतं. लेखकाने एवढंच म्हटलं आहे की पाणी तिच्या शेतापर्यंत पोचलं नाही. का पोचलं नाही ते लिहिलेलं नाही. सिनेमात का ते दाखवावं लागतं. विनयने सीन लिहिला. देशमुख घोड्यावरून पाटावर येतो, पाटकऱ्याला दरडावतो, पाटकरी वाकून मुजरा करतो आणि पाणी देशमुखाच्या शेताकडे वळवतो.

आमच्याकडच्या कोणत्याही शेंबड्या पोराने हे चूक आहे म्हणून सांगितलं असतं. पाटकरी देशमुखाचा गडी नसतो, तो गावाचा असतो. गावाच्या डोळ्यांदेखत, भर दिवसा, एकाच्या सांगण्यावरून पाळी मोडणारा पाटकरी दुसऱ्या दिवशी तिथे टिकत नाही.

विनयने मला विचारलं, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. पान पुढे करून म्हणाला, "तुम्ही त्याच भागातले ना? एकदा बघा. बरोबर आहे का?"

मी पान पाहिलं. म्हणालो, "ठीक आहे."

शूटिंग नामपूरजवळच होणार होतं. गावचे लोक गर्दी म्हणून उभे राहणार होते. ते हसतील, साहेब कारण विचारतील, मग मी पुढे होईन. असा माझा हिशेब.

अठ्ठ्याहत्तर साल असेल. थंडी सरत आली होती. पंचांनी शूटिंगसाठी एका सकाळचं पाणी दिलं. बारा वाजता पाणी पुढच्या फडावर जाणार, त्यात बदल नाही, असं स्पष्ट सांगितलं. देशमुखाचं काम करणारे नट त्याच संध्याकाळी मुंबईला निघणार होते. म्हणजे बारापर्यंत सीन झाला तर झाला. नाही तर साहेब तो गाळणार, आणि तो गाळला की राधाबाईचं पीक का जळलं हे कोणालाच कळणार नाही.

पाटकऱ्याच्या कामाला नाशिकच्या हौशी नाटकवाल्यांतला एक जण आणला होता. रिहर्सलला तो पाटाच्या काठावरून घसरला आणि त्याचा पाय मुरगळला. गर्दीत आप्पा उभे होते. मला बघायला आले होते. फावडं कसं धरलं की पाय घसरत नाही ते त्या नटाला दाखवायला त्यांनी स्वतः फावडं हातात घेतलं आणि साहेबांनी ते पाहिलं.

"हे कोण?"

"माझे वडील," मी म्हणालो.

"हेच करतील. धोतर, मुंडासं, सगळं आहेच. चला."

पाटातून शेताकडे पाणी सोडायची जी वाट असते तिला आम्ही दार म्हणतो. माती आणि गवताने ती बुजवलेली असते. देशमुख म्हणणार, "दार उघड, पाटकरी." आप्पांनी मुजरा करायचा आणि फावड्याने माती ओढायची. बोलायचं काही नव्हतं. आप्पांनी मान हलवली. मला वाटलं, कळलं.

कॅमेरा सुरू झाला. घोडा आला. देशमुख झालेल्या नटांनी मोठ्या आवाजात वाक्य टाकलं. आप्पा फावड्यावर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि त्यांनी वर बघून विचारलं, "पाळी कोननी शे?"

आमच्या बाजूला आहेच्या जागी शे म्हणतात. पाळी कोणाची आहे, एवढंच त्यांनी विचारलं होतं. गर्दीतले म्हातारे हसले. मला हवे होते तसेच हसले.

साहेबांनी शांतपणे समजावलं की हा अभिनय आहे. दुसरा टेक झाला. आप्पांनी फावडं उचललं, दाराच्या मातीकडे पाहिलं, पाठीमागे उभ्या गावाकडे पाहिलं आणि फावडं खाली टेकवलं.

"पानी खरं शे," ते साहेबांना म्हणाले. "गाव देखी ऱ्हायनं. नाटकमा मराले सांगा, मरी दावस. पाळी मोडाले सांगू नका." गाव बघतंय, नाटकात मरायला सांगा, मरून दाखवतो, पण पाळी मोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

साडेदहा वाजले होते. साहेबांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. "अहिरे, तुमचे वडील आहेत. समजावा त्यांना."

मी जवळ गेलो. मला वाटलं होतं ते रागावले असतील. त्यांनी अगदी हळू विचारलं, "यास्ले तू सांगं नही का?"

तू यांना सांगितलं नाहीस का. मी मान वळवली. मागे विनय उभा होता. त्याने ऐकलं, आणि अर्थ त्याला सांगावा लागला नाही.

मला वाटलं होतं की तो आपला सीन सावरायला धडपडेल. तो पाटाच्या काठावर चिखलात बसला. आप्पांनाही खाली बसायची विनंती केली आणि विचारलं, "आप्पा, मग त्या देशमुखाला पाणी पाहिजेच असेल तर तो काय करील?"

आप्पा म्हणाले, "पाटकरी बदली टाकी." म्हणजे पाटकरीच बदलून टाकील.

मग त्यांनी सगळं सांगितलं. मोठा माणूस कसा आला, ते नाही कसे म्हणाले, पंचांची बैठक कशी बसली. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं. काढलं त्या दिवशी त्यांनी फावड्याचा चिखल पाटात धुतला आणि फावडं पंचांसमोर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने उठले, बंधाऱ्यावर गेले, आणि तिथे गेल्यावर त्यांना आठवलं की आपल्याला आता काम नाही. मग पाणी पाहत उभे राहिले. नवा पाटकरी आला तेव्हा त्याला कुठे पाट फुटतो ते दाखवून घरी आले.

त्याला बारा वर्षं झाली होती. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. पुण्याच्या माणसाने दहा मिनिटांत विचारलं. माझ्याच कंटिन्युइटी शीटच्या मागे, म्हणजे कुठल्या शॉटमध्ये काय कसं होतं त्याची मी नोंद ठेवतो त्या कागदाच्या मागे, तो भराभर लिहीत होता. माझ्या बापाची गोष्ट त्याच्या अक्षरात उतरत होती. कपबशीचा मत्सर त्यापुढे काहीच नव्हता.

तो उठून माझ्याकडे आला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी विचारलं होतं, अहिरे."

"हो."

तो आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. त्याने कागद माझ्या हातात दिला. "सीन असा होईल. पाटकरी नाही म्हणतो. देशमुख पंचांना सांगून त्याला काढतो. मग पीक जळतं. संवाद तुम्ही लिहा, मला ही बोली येत नाही. पाणी बारापर्यंतच आहे."

मी कॅमेऱ्याच्या पेटीवर कागद ठेवून चार वाक्यं लिहिली. एक आप्पांचंच होतं, पाळी कोननी शे. ते मी बदललं नाही. बाकीची तीन माझी. आप्पांना ती वाचून दाखवली. त्यांनी त्यातलं एक काढायला लावलं. म्हणाले, पाटकरी एवढं बोलत नाही.

पावणेबाराला शॉट ओके झाला. फावडं धुऊन देशमुखाच्या घोड्यापुढे ठेवायचा क्लोजअप साहेबांनी वेगळा घेतला. बारा वाजता आप्पांनी कोणी न सांगता दाराची माती पायाने दाबून पक्की केली आणि पाणी पुढच्या फडाकडे गेलं.

सिनेमा लागला तेव्हा एका वर्तमानपत्राने पटकथाकाराच्या ग्रामजीवनाच्या सूक्ष्म निरीक्षणाची तारीफ केली. ते कात्रण माझ्याकडे आहे. 'सूक्ष्म निरीक्षण' या शब्दांखाली मी लाल पेन्सिलीने रेघ मारलेली आहे. विनय नंतर खूप पुढे गेला. त्याचं नाव कुठे दिसलं की मी अजूनही आधी ते वाचतो आणि मग बाकीची बातमी.

त्यानंतर मी स्वतः पाच सिनेमांच्या पटकथा लिहिल्या. पहिल्याच बैठकीत, कोणी विचारायच्या आत, मला जे माहीत असतं ते टेबलावर ठेवतो. हे मोठेपण नव्हे. आपण दाबून ठेवलेली गोष्ट आपल्या नावावर लागत नाही, दुसऱ्याच्या लागते, एवढं मी त्या सकाळी शिकलो.

आप्पांना मी तो सिनेमा मालेगावला दाखवला. टायटल्सपासून दाखवला. पटकथा, विनय. कलाकारांच्या यादीत शेवटून तिसरी ओळ, पाटकरी, धर्मा अहिरे. त्यानंतर टायटलची आणखी चार कार्डं गेली आणि मग संवाद साहाय्य म्हणून माझं नाव आलं. आमच्या घराण्यातली दोन नावं पडद्यावर लागली. आप्पांचं आधी, माझं नंतर.