काकींच्या बुटातली वाटी

आमच्या काकींचा पाय आठ नंबरचा होता. पुरुषांच्या मापातला आठ. सोलापुरातल्या एकाही दुकानात त्यांच्या मापाची बायकी चप्पल मिळायची नाही, आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटायचं नाही. आंघोळीनंतर ओल्या पायांनी फरशीवरून चालत गेल्या की मागे वळून स्वतःचे ठसे बघायच्या आणि खूश होऊन म्हणायच्या, "कसा छापा उठलाय बघ. मधी कुटं खोट न्हाय." खरंच नसायची. टाचेपासून बोटांपर्यंत सगळा पाय जमिनीला टेकलेला, परातीसारखा सपाट.

काकी म्हणजे माझ्या सासूबाई. एकत्र कुटुंबातले पुतणे त्यांना काकी म्हणायचे, ते ऐकून पोटची मुलंही काकीच म्हणायला लागली आणि लग्न होऊन आल्यावर मीही. त्यांचं माहेर करकंबचं, शेतकऱ्याचं. सासरे मिलमध्ये होते, ते माझ्या लग्नाआधीच वारले होते. त्यामुळे घरात आम्ही तिघंच: काकी, बँकेत कारकून असलेले माझे यजमान आणि मी. माझी स्वतःची आई मी अकरा वर्षांची असतानाच गेली होती. भावंडांत मी मोठी. मला हे हवं, माझं हे दुखतं, असं म्हणायची सवयच मला कधी लागली नाही. काकींनी हे पहिल्या आठवड्यातच हेरलं. माझ्या ताटाकडे बघत त्या मुलाला म्हणायच्या, "हिला पोट हाय का न्हाय, इचार की रं जरा."

काकींना एक खोड होती. कुणाच्याही दारात गेल्या की बाहेर काढून ठेवलेल्या पुरुषांच्या चपलांत त्या पाय घालून बघायच्या. मापाचं काही मिळतच नसे, त्यामुळे मापाचं काही दिसलं की त्यांना राहवत नसे. "घेत न्हाय, बघती फकस्त," असं म्हणत चार पावलं चालायच्या आणि परत जागच्या जागी ठेवायच्या. एकदा एका लग्नात मात्र बघता बघता नवरदेवाच्या मामांचे पंप शू घालून थेट पंगतीत पोचल्या. मामा अनवाणी मांडवभर हिंडत होते. काकी त्यांना जिलबीचा आग्रह करत होत्या.

मी सासरी आले त्याच वर्षी घरात गॅस आला, आणि गॅसबरोबर ओटा आला. सुनेला वाकावं लागू नये, अशी काकींचीच हौस. पण तीस वर्षं चुलीपुढे बसून भाकऱ्या केलेली बाई आता तासन् तास फरशीवर उभी राहायला लागली. मला दिवस गेल्यावर तर त्यांनी परातीला हातच लावू दिला नाही. कडक भाकऱ्यांचा ढीग एकट्या थापायच्या. पाचव्या महिन्यात माझं पोट दिसायला लागलं आणि काकींच्या टाचा बोलायला लागल्या. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की भिंत धरायच्या. "टाचंत कुनीतरी खिळा मारतंय," एवढंच म्हणायच्या आणि हसायच्या. पण मनातून घाबरल्या होत्या. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ते माझं सासरीच होणार होतं. "हिला आई न्हाय. म्या उभी न्हाय ऱ्हायले तर कोन ऱ्हानार?" असं त्यांना मुलाशी बोलताना मी आतल्या खोलीतून ऐकलं होतं.

तेव्हा गावात मुंबईहून एक नवे हाडांचे डॉक्टर आले होते. पायांचेच विकार बघायचे म्हणून लोक त्यांना पायाचे डॉक्टर म्हणत. आणि या पायाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता दुसऱ्या मजल्यावर, चिंचोळा जिना चढून. काकी दर चार पायऱ्यांना थांबून म्हणायच्या, "वर पोचलेला पेशंट बराच की. ह्यो डॉक्टर तपासनार तरी कुनाला?"

डॉक्टर तरुण, गंभीर, इस्त्रीतल्या कपड्यांचे. त्यांनी पाय बघितले आणि सांगितलं की पावलाची कमान बसली आहे, मापाचे आधार करून बुटात घालावे लागतील. त्यासाठी दोन्ही पावलांना ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा काढायचा. कंपाउंडरने काकींच्या तळव्याला हात लावला मात्र, काकींना ज्या गुदगुल्या सुटल्या त्या सुटल्या. त्या हसायला लागल्या. कंपाउंडर हसायला लागला. बाहेर बाकावर बसलेले पेशंट काय झालं म्हणून दारात येऊन उभे राहिले आणि तेही हसायला लागले. डॉक्टर तेवढे "हलू नका, हलू नका" म्हणत होते. काकींच्या नऊवारीवर, कंपाउंडरच्या भुवयांवर, सगळीकडे प्लॅस्टर.

महिन्याभराने मुंबईहून आधार तयार होऊन आले. कातडं चढवलेल्या, आत पोलाद असलेल्या दोन वाकड्या पट्ट्या. त्या बसतील असे काळे, नाडीचे बूट घ्यायला लावले, पुरुषी, आठ नंबरचे. घरातसुद्धा दिवसभर घालायचे, असा हुकूम. आता चामडं स्वयंपाकघरात कसं न्यायचं? काकींनी बूट पाटावर ठेवले, हळदीचं पाणी शिंपडलं आणि जाहीर केलं, "आता ह्ये बूट न्हाईत. औषध हाय." झालं. नऊवारीच्या काष्ट्याखाली काळे बूट घालून आमच्या काकी ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आळीतल्या बायका साखर मागायच्या निमित्ताने येऊन बघून गेल्या. एकीने तर दोनदा साखर नेली.

नाडी हा वेगळाच प्रकार. काकींना वाकवत नव्हतं, पोटामुळे मला वाकवत नव्हतं, आणि सुनेने बुटाला हात लावलेला त्यांना चालत नव्हता. म्हणून यजमान बँकेत जाताना आईच्या नाड्या बांधायचे आणि संध्याकाळी येऊन सोडायचे. मधला सगळा वेळ काकी बुटात बंद. कुणाकडे सत्यनारायणाला गेल्या तरी उंबऱ्याबाहेरच खुर्ची टाकून बसायच्या, आणि त्या घरची बाई प्रसाद घेऊन बाहेर यायची. "मला दारातच मान हाय," म्हणायच्या.

पण चालताना त्यांचं तोंड कसंनुसं व्हायचं. "पायाखाली पालथी वाटी ठेवल्यागत वाटतंय," असं त्यांनी पंधरा दिवसांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "सवय होईल." त्यानंतर काकींनी तक्रार बंद केली. डॉक्टर शिकलेला माणूस, आपल्या अडाणी पायाला काय कळतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. कसं वाटतंय विचारलं की म्हणायच्या, "झ्याक हाय की."

मी आठव्या महिन्यात होते. एका दुपारी मागच्या अंगणात गेले, तर काकी धुण्याच्या दगडावर बसलेल्या. दोन्ही नाड्या विळीने कापलेल्या, पाय मिठाच्या पाण्याच्या बादलीत. मी पाय उचलून बघितले. दोन्ही तळव्यांना मधोमध फोड, त्यातला एक फुटलेला. डोळ्यांत पाणी होतं, पण मला बघताच त्या म्हणाल्या, "पाय धुतीया."

"काकी, इतकं दुखत होतं तर सांगितलं का नाही?"

"तू सांगतीस का?"

रात्र रात्र माझी पाठ मोडून यायची आणि मी उशीत तोंड खुपसून पडायची, हे त्यांना ठाऊक होतं तर.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांना घेऊन निघाले. कापलेल्या नाड्यांच्या जागी सुतळी. आठव्या महिन्याची मी आणि पाय सुजलेल्या काकी, एकमेकींना धरून तो जिना चढलो. वर पोचल्यावर कोण कुणाला आधार देतंय ते सांगता आलं नसतं.

बाकावर एक गृहस्थ बसले होते. मल्लेशम त्यांचं नाव, टॉवेलच्या कारखान्यात मागावर कामाला. दिवसभर उभं राहून पाय गेलेले. त्यांच्याही पायाशी तसेच काळे, नाडीचे बूट काढून ठेवलेले. काकींनी नाव-गाव विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या बी बुटात वाटी हाय का?"

"वाटी?" मल्लेशम उसळून म्हणाले. "अय्यो अक्का, माझ्या बुटात काहीच नाही! नुसती फळी. माझा पाय बघा, मधी केवढा पूल आहे. त्याच्याखाली टेकायला पाहिजे की नाही काहीतरी? मी डॉक्टरला सांगतो, तो म्हणतो सवय होईल."

"मला बी त्येच म्हनला!"

आणि मग काकींची नजर त्या बुटांकडे गेली. आठ नंबर. त्यांना राहवलं नाही. "घेत न्हाय, बघती फकस्त," असं म्हणून त्यांनी त्यात पाय घातले.

त्या उभ्या राहिल्या आणि खाली पायांकडे बघायला लागल्या. मला वाटलं, कळ आली. त्या जिन्यापर्यंत चालत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. तिसऱ्या फेरीला चक्क झपाझप गेल्या आणि तिकडूनच ओरडल्या, "अगं शैला, जमीन लागतीया पायाला!"

मल्लेशमनी घाईघाईने काकींचे बूट चढवले. सुतळी बांधायलाही थांबले नाहीत. दोन पावलं टाकली आणि कमरेवर हात ठेवून तेलुगूत काहीतरी मोठ्याने म्हणाले. शब्द कळले नाहीत, पण अर्थ सगळ्या बाकाला कळला. मग ती दोघं बाकासमोरून फेऱ्याच मारायला लागली, ते इकडून, त्या तिकडून, आणि मधे भेटली की एकमेकांकडे बघून हसायची.

नंबर-बिंबर कुणी विचारला नाही. काकी तशाच आत शिरल्या, मागून मल्लेशम, त्यांच्यामागून मी. डॉक्टर कुणाचा तरी घोटा धरून बसले होते.

"डॉक्टर," काकी म्हणाल्या, "गेलं दोन म्हैनं ह्यांनी माझा पाय घातला आन् म्या ह्यांचा. आता आमचं नातं काय लागतं, त्ये तुमीच सांगा."

डॉक्टरांनी आधार काढून उलटे केले, वही उघडली, खालचे आकडे ताडून बघितले. दोघांचे साचे एकाच दिवशी काढलेले होते आणि नावांची अदलाबदल झाली होती. त्यांचे कान लाल झाले. ते कंपाउंडरकडे वळले, तसा तो कपाटामागे सरकला. डॉक्टर आता त्याला काय बोलणार हे दिसतच होतं, तेवढ्यात काकी मधे उभ्या राहिल्या. "त्येला काय बोलू नगा. म्या हसत सुटले, म्हनून त्येचं ध्यान गेलं. गुदगुल्या माझ्या, चूक बी माझी."

डॉक्टरांनी वही मिटली. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला. तो इस्त्रीतला माणूस टेबलावर डोकं ठेवून हसत होता. थोड्या वेळाने मान वर करून, डोळे पुसून म्हणाले, "मावशी, मी तुम्हाला सवय होईल म्हणालो. तुमचं ऐकायला हवं होतं."

"ऐका की आता," काकी म्हणाल्या. "जिना खाली घ्या आधी."

जिना काही खाली आला नाही. पण पुढल्या वर्षी दवाखाना तळमजल्यावर आला.

महिन्याभराने मला कळा सुरू झाल्या. सकाळचे दहा वाजले होते. आळीजवळच्या प्रसूतिगृहात काकी माझ्या उशाशी उभ्या राहिल्या त्या उभ्याच. नर्सने बूट बाहेर काढायला सांगितलं, तेव्हा त्यांनी हळदीपासूनची सगळी हकीकत सांगायला घेतली आणि नर्सने हात जोडले. मी नेहमीप्रमाणे दात आवळून गप्प पडले होते. दुपारी चारच्या सुमाराला काकींनी माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

"शैला, दुखतं म्हन की. तोंडानं म्हन."

मी नाही अशी मान हलवली.

"म्या दोन म्हैनं गप ऱ्हायले. काय मिळालं? दुसऱ्याचा बूट!"

कळ आणि हसू दोन्ही एकदम आलं. मी हसत हसत ओरडले, "काकी, दुखतंय हो! लई दुखतंय!" काकी म्हणाल्या, "आता कसं! आनखी मोठ्यांदी!" मी आणखी मोठ्याने ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या मोठ्याने. इतक्या हसऱ्या बाळंतिणीला धीर द्यावा की दटावावं, हे नर्सला कळेना. त्या गोंधळातच माझी मुलगी झाली. मल्लेशम तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी मऊ टॉवेल घेऊन आले, आणि त्या वर्षापासून नारळी पौर्णिमेला काकींच्या राखीचे ते हक्काचे धनी झाले.

मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा यजमानांची पुण्याला बदली झाली. काकी सोलापूर सोडायला तयार नव्हत्या. दोन वर्षांनी, साध्या तापाचं निमित्त होऊन, त्या गेल्या. तार आली तेव्हा यजमान, तापाचं कळल्यावर, आधीच सोलापूरला गेलेले होते. मुलीला शेजारणीकडे ठेवून मी सकाळच्या गाडीने एकटी निघाले. दौंडपर्यंत सुन्न बसले होते. पुढे जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना.

केमला एक बाई टोपली घेऊन चढली आणि माझ्या शेजारी टेकली. थोडा वेळ बघत राहिली. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, "रडा बाई, रडा. कोन गेलं? आई का?"

"सासू," मी म्हणाले.

तिचा हात पाठीवरच थांबला. "सासू? आन् एवढं रडताय?"

तिचं ते तोंड बघून मला हुंदक्यातच हसू आलं. तिला वाटलं असणार, बाईचं डोकं फिरलं. म्हणून मी तिला सगळं सांगायला लागले: बूट, सुतळी, तो जिना, बाकासमोरच्या फेऱ्या. कुर्डुवाडी गेली, आणि ती बाई टोपलीवर हात मारून मारून हसत होती. बाळंतपणाचं सांगितलं तेव्हा मात्र हसायची थांबली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

माढ्याला ती उतरली. टोपली डोक्यावर घेतली, दोन पावलं गेली आणि परत फिरून खिडकीशी आली.

"आता घरला गेल्यावर सुनंला इचारते, बाई," ती म्हणाली. "लई दिस झालं, ती बी गपच हाय."