आधी-सांगा वकील

ओट्यावर आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा वकील मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. पेणला त्यांचं घर होतं आणि म्हातारी माणसं मृत्युपत्र करायला त्यांच्याकडे यायची. वकील चष्मा लावायच्या आधी विचारायचे, "मुलांना सांगितलंत?" नाही म्हटलं की चष्मा परत खिशात. "मग आधी सांगा, मग या." त्यामुळे सगळे त्यांना आधी-सांगा वकील म्हणायचे. खऱ्या नावाने विचारलं असतं तर शेजाऱ्यालाही घर दाखवता आलं नसतं.

मला ते सुखासुखी सापडले नाहीत. लग्नाला पुरती चार वर्षं झाली नव्हती तेव्हा नवरा गेला आणि मी रोह्याला बाबांकडे परत आले. ब्लाउज शिवायला लागले. बाबा भातगिरणीवर मिस्त्री होते, घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. आई कधीच गेली होती. थोरला भाऊ नाना डोलवीच्या कंपनीत लागला होता, धाकटा विजू ठाण्याला. आमच्याकडची रीत अशी, की बाप गेला की बहिणीने हक्क सोडल्याची सही करायची, साडीचोळी घ्यायची आणि हसतमुखाने सासरी जायचं. मला सासर उरलं नव्हतं. बाबांच्या मागे मी राहायचं कुठे, हा घोर मला होता आणि मला न सांगता बाबांनाही होता.

शेवटी एकदा तेच म्हणाले, "घर तुझ्या नावावर करायचं हाय. एखादा वकील बघ." बघ म्हणणं सोपं. मृत्युपत्र हा शब्द काढला की ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या बाईचा चेहरा पडायचा. "अगो, बाप जिता हाय ना तुझा?" म्हणजे मीच बापाच्या जिवावर उठले होते जशी. अखेर कचेरीबाहेरच्या स्टँपवाल्याने सांगितलं, "लवकर पायजे तर इथं कोणपण लिहून देल. भावांसमोर टिकायला पायजे तर पेणला जा. पण तो माणूस तुम्हाला परत पाठवणार, हे धरून चाला."

तसंच झालं. बाबांना घेऊन मी एसटीने पेणला गेले. वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि तो प्रश्न विचारला. बाबा म्हणाले, "मी गेल्यावर वाचतील की पोरं."

"म्हणजे तुमचं भांडण तुमच्या मागे हिने करायचं?"

बाबांनी टोपी उचलली. आम्ही उठलो, तर वकीलही उठले, पायात चपला घातल्या आणि आमच्याबरोबर स्टँडपर्यंत आले. घालवून दिलेल्या माणसाला एसटीत बसवून द्यायचं, ही त्यांची रीतच होती. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहून बोलत राहायचे. रोह्याला मासळी कशी आहे, गिरणी चालते का, पाऊस किती. मला तेव्हा संताप आला होता. काम करायचं नाही आणि वर गप्पा मारायच्या. घरात त्यांच्याशी बोलायला कुणी नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

बाबांनी सांगायचं कबूल केलं आणि सांगितलं नाही. गणपतीला दोघे भाऊ आले, बाबा भाताच्या भावावर बोलले. दिवाळीला आले, बाबा नव्या पुलावर बोलले. मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायची आणि भाकरी करपायची. मधे बाबांना दम लागायला लागला. मग मात्र मी एकटीच पेणला जाऊन वकिलांशी भांडले. म्हटलं, "तुमच्या तत्त्वापायी मी रस्त्यावर येईन. दुसरा कुणी असता तर एव्हाना कागद झाला असता."

"झाला असता," ते शांतपणे म्हणाले. "कागद तुम्हाला भिंती देईल हो. आजारी पडलात तर पेज कोण करून देईल?"

"सध्या भिंतीपण नाहीत."

त्यावर ते हसले. मग म्हणाले, "तुमचे वडील भित्रे नाहीत, त्यांना मुलांची माया आडवी येते. मी येतो रोह्याला. बोलायचं त्यांनीच. मी नुसता शेजारी बसेन."

आणि खरंच आले, भाऊ घरी असताना, रविवारी. बाबांच्या खाटेशेजारी बसले, चहा घेतला, अवाक्षर बोलले नाहीत. बाबांनी दोनदा घसा खाकरला. वकिलांनी आपला हात त्यांच्या पाठीवर ठेवला, तेव्हा कुठे बाबांच्या तोंडून शब्द फुटला.

"घर माझ्यामागं हिच्या नावावर करतोय. तुम्हाला नोकऱ्या हायत, बायकापोरं हायत. हिला मी हाय. मी गेलो की ही कोणाची?"

नाना खाली बघत राहिला. विजू उसळला. "आमी ताईला भायेर काढू असं वाटतं तुम्हाला? हीच किंमत केलीत आमची?" बाबा म्हणाले, "तू नाय काढणार रे. पण अडचण आली की माणूस काय करील ते त्याचं त्याला ठावं नसतं." विजू न जेवता निघून गेला. मी दाराशी रडत होते. वाटत होतं, ह्या माणसाचं ऐकलं आणि हातचा भाऊ घालवला. वकील मला म्हणाले, "रागावून गेलाय ना, तो येईल. आत्ता रागवायला बाप समोर आहे. नंतर कुणावर रागावला असता?"

विजू शिमग्याला आला. अबोला धरूनच आला, पण आला. मग वकिलांनी चष्मा लावला. बाबांनी साक्षीदार म्हणून गिरणीवरचे आपले दोन जुने सोबती पेणला नेले होते, धुतलेली टोपी घालून आलेले. वकिलांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "तुम्ही तर ह्यांच्याच बरोबर निघणार. कोर्टात साक्ष द्यायला वर माणूस पाठवू का? तरुण पोरं आणा." म्हातारे आधी फुगले, मग पोट धरून हसले. पुढे शेजारची दोन पोरं नेली आणि कागद रीतसर नोंदवला.

बाबा त्यानंतर दोन पावसाळे जगले. ते गेले तेव्हा दोन्ही भाऊ होते. हक्क सोडायच्या सहीचा विषय कुणी काढला नाही. तेराव्याचं जेवण झालं, पंगती उठल्या आणि विजू माझ्याकडे न बघता म्हणाला, "गो ताई, पावसाच्या आधी येऊन कौलं चाळून देतो. न्हाणीवर गळतंय." घर माझं झाल्याचं मला त्या वेळी पटलं.

मी हे सांगायला पेणला गेले. कागदाचं काम कसं झालं ते वकिलांनी विचारलंच नाही. म्हणाले, "दोघे जेवले?" मी म्हटलं, "जेवले. विजूने दोनदा भात घेतला." ते खिडकीकडे तोंड करून बसले. मग आपणहून सांगायला लागले. ते बसले होते ते घर त्यांच्या वडिलांनी गुपचूप त्यांच्या नावे केलं होतं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. तेराव्याला कागद निघाला आणि धाकटा भाऊ भरल्या ताटावरून उठून गेला. "मी अर्धं घर देतो म्हणून त्याच्या दारात गेलो. त्याने दार उघडलं नाही. घर नको होतं हो त्याला. वडिलांनी आपल्याला का सांगितलं नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं. आता ते कोण सांगणार?" त्यांनी लग्नही केलं नव्हतं. एवढ्या घरात एक माणूस आणि एक स्टोव्ह.

मला राहवलं नाही. म्हटलं, "वकीलकाका, गणपतीला आमच्याकडे या. भाऊ येणार आहेत, वहिन्या आहेत, पोरं आहेत. घरचंच समजा." त्यांचे डोळे लकाकले, मला दिसले. पण मान हलवली. "मी समोर आलो की तुमच्या भावांना तो रविवार आठवणार. जुळलंय ते जुळलेलं राहू दे. मी नाही आलेला बरा." मी पुष्कळ भांडले. त्यांनी ऐकलं नाही. मला सोडायला मात्र स्टँडवर आले, आणि गाडी हलली तरी काहीतरी विचारतच होते, मला नीट ऐकू आलं नाही.

त्या गणपतीत आमचं घर भरलेलं होतं. आरतीला पोरांचा नुसता गोंधळ. माझं लक्ष सारखं दाराकडे जायचं. सण उरकल्यावर मोदक घेऊन मी पेणला गेले, तर घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, वकील जाऊन महिना होत आला. मला कुणी कळवलं नव्हतं. कळवणार तरी कोण? मी त्यांची कुणीच नव्हते.

"भाऊ आले होते त्यांचे," काकू म्हणाल्या. "निरोप मिळाल्याबरोबर आले. अग्नी त्यांनीच दिला, सगळे दिवस केले. आमच्या ओटीवर झोपायचे."

मी विचारलं, "आणि जेवायला? ह्या घरात जेवले?"

"नाही हो," काकू म्हणाल्या. "तेराव्याला ह्याच घरात मी स्वतः पान वाढलं त्यांना. पानासमोर बसले, खूप वेळ बसले, आणि तसेच उठले."