डॉक्टरांचं स्थळ

गेल्या हिवाळ्यात, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, माझं एका डॉक्टरांशी लग्न झालं.

घाईने निष्कर्ष काढू नका. मीही काढला नव्हता. (मी कोणताच निष्कर्ष घाईने काढत नाही. कॉलेजात तेहतीस वर्षं ग्रंथपाल होतो.) माझी पत्नी सुमन जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. जळगावच्या घरात मी एकटा. सकाळी पुस्तक उघडून बसायचो आणि दिवेलागणीला पाहायचो, तर पान तेच! पुण्यात नोकरी करणारी आमची मुलगी मुक्ता हे ओळखून होती. एका शनिवारी ती आली, माझ्या हातात टॅब्लेट ठेवला आणि म्हणाली, "नाना, यात शेती करा."

"आपली शेती विकून वीस वर्षं झाली."

"म्हणूनच. या शेतात बोंडअळी येत नाही."

तो एक खेळ होता. लहानसं गाव, वाट्याला आलेला जमिनीचा तुकडा, आणि आजूबाजूला शेजारी. माझा शेतकरी म्हणून मुक्ताने एक मिशीवाला माणूस बनवून दिला. नांगरा, पेरा, पाणी द्या आणि वेळ उरला तर शेजाऱ्यांकडे जा. मी वेळ उरवायला लागलो. गावात एक डॉक्टर होते. चष्मा, उतरलेला चेहरा, एकटेच राहायचे. मुख्य म्हणजे त्यांच्या खोलीत पुस्तकांचं कपाट होतं! मी रोज जाऊ लागलो.

आता, कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आमच्याकडे चालायला शिकायच्या आधी शिकवतात. शेतात वांगी लागली होती. रोज दोन वांगी घेऊन जायचो. वांगी दिली की डॉक्टरांच्या डोक्यावर एक लाल बदाम उमटायचा. (मला वाटलं, बीपी तपासतात.) असे चाळीस दिवसांत त्यांच्या नावापुढचे दहा बदाम भरले. त्या दिवशी डॉक्टर स्वतः माझ्या दारात आले आणि इंग्रजीत विचारलं, आपण दोघांनी यापुढे एका घरात राहायचं का? खाली दोन बटणं: हो, नाही.

दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? मी 'हो' दाबलं. लगेच पाटी आली. रविवारी लग्न!

मी चष्मा पुसून पाटी पुन्हा वाचली. रविवारी लग्न.

हा खेळ खेळणाऱ्यांचा एक ग्रुप होता. मुक्ताने मला त्यात घालून ठेवलं होतं. तिथे मी अदबीने विचारलं, "माझं डॉक्टरांशी लग्न ठरलं आहे. हे नियमात बसतं का?" एकाने लिहिलं, "बसतं काका. यात कोणीही कोणाशीही लग्न करू शकतं." दुसऱ्याने नुसती हसणारी तोंडं पाठवली. तिसऱ्याने, फोटोच्या जागी सिंह लावलेल्या गृहस्थाने, लिहिलं, "ही असली घाण आणून चांगला गेम बिघडवला. काका, लग्न मोडा."

मी सहसा कुणाला उलट बोलत नाही. पण त्या दिवशी दीड तास बसून उत्तर लिहिलं. ते असं:

"महोदय, आपण ज्यांना घाण म्हणता ते डॉक्टर गेले चाळीस दिवस माझी वांगी विनातक्रार स्वीकारत आहेत. ते वाचतात. रुग्णांशी सौजन्याने बोलतात. आपणांस ते जमेल असे दिसत नाही. मी शब्द दिला आहे. लग्न ठरल्या दिवशी होईल. आपणांस आमंत्रण नाही. कळावे."

संध्याकाळी मुक्ताचा फोन. आवाज काहीतरी वेगळाच.

"नाना, ते तुम्ही लिहिलंत?"

"हो. शुद्धलेखन चुकलं का?"

"नाही. मी रविवारी येते. रुहीलाही आणते. थोडं बोलायचंय."

रुही म्हणजे मुक्तासोबत पुण्यात चार वर्षं राहणारी तिची मैत्रीण. कॉम्प्युटरवरच्या खेळांची चित्रं काढते. मी म्हटलं, या, लग्नालाच पोचाल. दोघी येणार म्हणून मी खुशीत फोन ठेवला, तोच पुन्हा वाजला. अक्का!

अक्का माझी थोरली बहीण, धुळ्याची. सुमन गेल्यापासून तिने एकच धोशा लावला होता. घरात कुणी गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. मुक्ता एकोणतीस वर्षांची. अक्काने शिंदखेड्याचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करत आणलं होतं. मुक्ता प्रत्येक वेळी "नको" म्हणायची आणि मी अक्काला "बघू" म्हणायचो. ('बघू' म्हणजे नाही, हे माझ्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं.)

"काय करस रे नाना?"

"रविवारी लग्न आहे अक्का. त्याची तयारी करतोय."

"लगीन ठरनं? आनि माले कोनी सांगं बी नही! नवरदेव काय करस?"

"डॉक्टर आहेत."

"डॉक्टर!" फोनमधून भांडं पडल्याचा आवाज आला. "सोभावनी कसा शे?"

"शांत. एकटेच राहतात. गावातच दवाखाना आहे."

"आनि खावाले?"

"वांगी आवडतात."

"आपलाच मानूस शे रे!" अक्काने फोन ठेवला.

लग्न कुणाचं, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. मला वाटलं, एवढी आनंदली म्हणजे समजली असेल. बहीण माझी किती आधुनिक, म्हणून मला त्या दिवशी भरूनही आलं!

रविवारी दहा वाजता दारात जीप थांबली. आतून अक्का उतरली. तिच्यामागून सहा नातलग उतरले. नारळ उतरला, पेढ्यांचे दोन खोके उतरले, कागदात गुंडाळलेली साडी उतरली. हे उतरणं चालू असतानाच मागे रिक्षा येऊन थांबली आणि त्यातून मुक्ता आणि रुही उतरल्या.

"डॉक्टर कोठे शे?" अक्काने चपला काढायच्या आत विचारलं.

"आत आहेत. या, अगदी वेळेवर आलात."

मी सर्वांना बैठकीत बसवलं आणि टॅब्लेट अक्काच्या मांडीवर ठेवला. लग्न लागतच होतं. सगळं गाव जमलेलं, घंटा वाजताहेत, फुलांच्या पाकळ्या उडताहेत. सहा नातलग मागून वाकले. अक्काने चष्मा लावला.

"हाऊ चष्मावाला डॉक्टर?"

"हो."

"आनि हाऊ मिशावाला कोन शे?"

"मी."

"नवरी कोठे शे मग?"

"नवरी नाहीये अक्का. आम्ही दोघंच आहोत."

टॅब्लेटमधल्या कोंबड्या तेवढ्या बोलल्या. मग रुहीला हसू फुटलं. पाठोपाठ मुक्ताला. पण मुक्ताचं हसता हसता रडणं झालं, आणि मी घाबरलो.

"म्हन्जे," अक्काचा आवाज चढला, "आपली मुक्तानं लगीन नही?"

मुक्ताने डोळे पुसले. "माझंही आहे, आत्या. पण शिंदखेड्याला नाही." तिने रुहीचा हात धरला. "हिच्याशी. कायद्याने होत नाही अजून, पण आमचं ठरलंय. आम्ही चार वर्षं एकत्र आहोत. नाना, शिंदखेड्याला आजच 'नाही' म्हणून सांगा. 'बघू' नाही. 'नाही'."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी रुहीकडे पाहिलं. ही मुलगी दर दिवाळीला आमच्याकडे यायची. दोघी एका ताटात जेवायच्या, एकमेकींचे स्वेटर घालायच्या, फोनवर एकमेकींना औषधाची आठवण करायच्या. हे सगळं पाहून मी काय अनुमान काढलं होतं? की आजकालच्या मुली टापटीप कमी ठेवतात!

"तुझ्या आईला हे..." मी सुरुवात केली.

"आईला माहीत होतं. दोन वर्षं."

"आणि मला?"

"आई म्हणायची, यांच्या हातात एकदम पुस्तक देऊ नकोस. आधी अनुक्रमणिका दे." मुक्ताने टॅब्लेटकडे बोट दाखवलं. "ती दिली. मग तुम्ही त्या सिंहाला लिहिलंत. मी ते रुहीला वाचून दाखवलं. तीनदा."

सुमन अगदी असंच म्हणाली असणार. त्याच स्वरात, पदराला हात पुसत. मी हसलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा, आणि चांगला मोठ्याने. मग उठून शिंदखेड्याला फोन लावला. "नमस्कार. आमच्या मुलीचं आधीच जमलेलं आहे. आम्हांला उशिरा कळलं, त्याबद्दल क्षमस्व. नाही. हो, 'नाही'च म्हणतोय." बासष्ट वर्षांत एवढं स्पष्ट मी कधी बोललो नव्हतो.

अक्काने लागोपाठ दोन कप चहा घेतला. डॉक्टरांसाठी आणलेले पेढे नातलगांनी खायला घेतले. शेवटी तिने रुहीला नखशिखान्त न्याहाळलं.

"भाकर येस का तुले?"

"नाही, आत्या."

"मुक्ताले बी येत नही. खाशात काय मंग?" मग माझ्याकडे वळून, "बठ्ठा धुळामा मी डॉक्टर सांगेल शे! आते काय तोंड दखाडू?" मग तिने पदराचं टोक पिळलं. "माले हाई पटनं, आसं नका समजा. अजिबात पटनं नही." आणि कागदातली साडी काढून तिने दोघींच्या मध्ये ठेवली. "एकच आनेल शे. दोन्हीजनी वाटी ल्या."

साडी लाल होती. दोघींनी एक एक टोक खांद्यावर घेतलं, तरी मध्ये एका माणसापुरती उरली. अक्काने तोंड फिरवलं, पण पूर्ण नाही.

एवढ्यात तिचा फोन वाजला. धुळ्याची नणंद. तिलाही डॉक्टर हवे होते. अक्का फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेली. आम्ही आत कान देऊन बसलो.

"नही वो, डॉक्टरनं जमनं नही... ठरेल शे ना, ठरेल शे... पुनानी शे... पोरगी शे! हो, पोरगीच!... माले काय इचारस, त्यास्ले इचार!... बाप? बापनी परवानगी दिधी ना. समजाना पहिलेच दिधी!"

समजायच्या आधीच परवानगी दिली म्हणे! माझ्यावर अन्याय होतोय, असं वाटून मी दुरुस्ती करायला उठलो. ओट्याच्या दारापर्यंत गेलोही. तिथे उभं राहून ते वाक्य मनाशी दोनदा तपासलं, आणि गुपचूप परत येऊन बसलो. त्यात एकही चूक नव्हती.